शेजारची ताडपत्री

ताडपत्रीच्या कोपऱ्यावर माझं आडनाव होतं आणि ते मी लिहिलेलं नव्हतं. जाड काळ्या पेनाने, लांबून वाचता येईल एवढं मोठं: कुरोमारु. दुपारचं ऊन डोक्यावर, धक्क्याचं काँक्रीट तव्यासारखं तापलेलं, आणि मी माझी घडी केलेली छोटी ताडपत्री काखेत धरून त्या नावाकडे बघत उभा. आतषबाजीच्या दिवशी आमच्या या जपानी बंदरात, मोजीत, लोक सकाळपासून जागा धरतात. अंथरायचं, कोपरे चिकटपट्टीने जमिनीला चिकटवायचे, पट्टीवर नाव टाकायचं आणि खुशाल घरी जाऊन झोपायचं. त्या रिकाम्या निळ्या चौकोनाला संध्याकाळपर्यंत कोणी पाय लावत नाही. छत्री विसरलात तर एखादा उचलून नेईल, पण नाव टाकलेली जागा सुरक्षित. मी मात्र नाव कधी टाकत नाही. एकट्या माणसाने नाव लिहून जागा धरायची म्हणजे एका ताटासाठी पंगत मांडल्यासारखं होतं. धक्क्याच्या टोकाला जहाजाचे दोर बांधायचा एक जुना लोखंडी खुंट आहे. त्याच्या पाठीशी एका माणसापुरती जागा उरते, कुटुंबवाल्यांच्या ती कामाची नसते. तिथे मी बसतो, दरवर्षी. आज त्या खुंटाला लागूनच ही ऐसपैस ताडपत्री पसरलेली होती आणि तिच्यावर माझं नाव होतं.

आमचं आडनाव सहसा कुठे आढळत नाही. शाळेत नवे मास्तर हजेरी घेताना माझ्यापाशी थांबायचे आणि मान वर करून बघायचे. गावात आता दोनच कुरोमारु उरलेत, मी आणि माझी आई. आई येणं शक्य नव्हतं. सकाळीच तिला फोन केला होता. "गुडघ्याने जीव खाल्लाय," ती म्हणाली, "आणि आज तेरा तारीख. पितर घरी यायचा दिवस. तुझा बाप यायचा आणि दाराला कुलूप बघून परत जायचा. तू जा बापडा एकटाच." मी म्हटलं, संध्याकाळी येऊ का, पितरांना वाट दिसावी म्हणून दारात विस्तव पेटवतात त्याला मदत करतो. तर म्हणाली, काही नको, विस्तव पेटवायला माझे हात शाबूत आहेत, दुखतो तो गुडघा. तिच्या आवाजात काहीतरी घाई होती, मागे कसलातरी तवा की भांडं वाजलं. मी फार लक्ष दिलं नाही. आई फोनवर नेहमीच घाईत असते, जसं काही बिल तिला भरायचंय.

म्हणजे तिसरं कोणीतरी कुरोमारु मोजीत आलेलं होतं. आणि तिसरं कुरोमारु जगात एकच होतं, हे मला त्या उन्हात उभं असताना इतकं स्वच्छ कळलं, की मी खाली बसलो. चिनात्सु. माझी मुलगी. सहा वर्षांची असताना तिची आई, साचिए, तिला घेऊन पाण्यापलीकडच्या काठावर, शिमोनोसेकीला माहेरी गेली आणि मग आमचा रीतसर घटस्फोट झाला. आमच्याकडे घटस्फोट झाला की मूल एकाच्या पदरात पडतं. दुसऱ्याने सज्जनासारखं बाजूला व्हायचं असतं. भांडण नाही, आरडाओरडा नाही, सगळे अगदी समजूतदारपणे तुम्हाला पुसून टाकतात. मुलीला तिथे रुळू दे, साचिए म्हणाली. साचिएचे वडील म्हणाले. माझी आईसुद्धा म्हणाली, "तेत्सु, रोप एकदा लावलं की सारखं उपटून मुळं बघायची नसतात." मी ऐकलं. मी ऐकणारा माणूस आहे, हीच माझी खोड. एक उन्हाळा ऐकलं, दुसरा ऐकलं, मग न ऐकण्याची हिंमत राहिली नाही, मग ती रोजची गोष्ट झाली. कागदोपत्री मुलाचं आडनाव बापाचंच राहतं, आईने कोर्टात अर्ज करून बदलून घेईपर्यंत. साचिएने बदललं असणार असं मी धरून चाललो होतो. आणि आता ही ताडपत्री. तिने नाव बदललं नसेल तर? मोठी होऊन, स्वतःच्या मर्जीने, तिने ते ठेवलं असेल तर? मी त्या अक्षरांकडे बघत राहिलो. त्यात काही ओळखीचं सापडतंय का ते शोधत होतो, पण मला माझ्या मुलीचं अक्षर माहीत नाही. मला माहीत आहेत त्या तिने भिंतीवर काढलेल्या गोगलगायी.

मी माझी ताडपत्री नेहमीच्या जागी, खुंटाच्या पाठीशी अंथरली. दोन निळ्यांच्या मध्ये बोटभर काँक्रीट राहिलं. दुकान दुपारीच बंद केलं होतं. माझं चष्म्याचं दुकान आहे, छताखालच्या बाजारात, आणि आतषबाजीच्या दिवशी तिकडे कुत्रंही फिरकत नाही. बसलो आणि वाट बघायला लागलो. वाट बघणं म्हणजे मी नुसता ताडपत्रीकडे बघत होतो. समोर सामुद्रधुनीचं पाणी जोरात वाहत होतं, तिथे ते नदीसारखंच वाहतं, आणि पलीकडे शिमोनोसेकीचा धक्का, तिथेही असेच निळे ठिपके. आमच्या आतषबाजीची गंमत अशी, की ती दोन्ही काठांवरून उडते. ते आमच्यासाठी उडवतात, आम्ही त्यांच्यासाठी. इतकी वर्षं मी इथे बसून त्यांच्या बाजूचं दारूकाम बघत आलो, ती तिकडे बसून आमच्या बाजूचं बघत असेल या हिशोबाने. आमच्या काठावरून एखादा मोठा गोळा वर गेला की मी वर बघायचोच नाही. मी पलीकडच्या काठाकडे बघायचो, तिथली माणसं त्या उजेडात क्षणभर लालसर होतात. एवढ्या लांबून तोंडं दिसत नाहीत. पण मी बघायचो.

"अहो दादा, एकट्याला दोन-दोन जागा कशाला हव्यात?" मागून कोणीतरी विचारलं. फेरीबोटीवरून निवृत्त झालेला, तांबूस तोंडाचा एक म्हातारा, बिअरचा डबा हातात, आपली ताडपत्री घेऊन आमच्या मागे स्थायिक झाला होता. तागावा नाव, ते त्याने न विचारता सांगितलं.

"ती माझी नाही," मी म्हणालो.

"मग मघापासून तिच्याकडे टक लावून काय बसलाय? दृष्ट लागेल ताडपत्रीला."

"राखतोय."

"कोणाची आहे ते ठाऊक नाही, आणि राखताय. असा शेजारी मला जन्मात मिळाला नाही. नाव काय म्हणालात तुमचं?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. तो वाकून पट्टीवरचं नाव वाचायचा प्रयत्न करत होता, आणि माझ्या डोक्यात एकदम आलं, की हा बडबड्या माणूस मुलगी येताक्षणी बोंब ठोकणार: अहो, हेही कुरोमारु, तुम्हीही कुरोमारु. आणि ती दचकेल. ती मैत्रिणींबरोबर आलेली असेल, कदाचित नवऱ्याबरोबर, आणि तिला गर्दीत एक घामेजलेला बाप असा भेटवस्तूसारखा हातात दिला जाईल. ती उठून जाईल. मला ती उठून जायला नको होती. मला नुसतं शेजारी बसायचं होतं, तिने हसलेलं ऐकायचं होतं, ती कशी खाते ते बघायचं होतं. तेवढं मिळालं तर पुरे होतं.

"हायाशी," मी म्हणालो. वाटेल तिथे सापडतात हायाशी.

"हायाशीसान, घ्या एक बिअर," तागावा म्हणाला, आणि मी घेतली.

सूर्य डोंगरामागे गेला, पाण्यावरून जरा वारा यायला लागला, तळलेल्या कोंबडीचा आणि भाजलेल्या माकुळाचा वास सगळीकडे पसरला. ताडपत्र्या एकेक करून भरत होत्या, लोक चपला काठाशी ओळीने मांडून आपापल्या चौकोनात शिरत होते. कितीतरी मुली आल्या आणि पुढे गेल्या, सुती किमोनो नेसलेल्या, पंखे कमरेत खोचलेल्या, आणि प्रत्येकीत मी सहा वर्षांचं तोंड शोधलं. मूर्खासारखं. मुली मोठ्या होतात हे मला कळत नाही का? दुकानात रोज बघतो, काल दप्तर घेऊन येणारी आज लग्नाच्या फोटोसाठी बिनफ्रेमचा चष्मा मागते. तरी मी सहा वर्षांची शोधत होतो. आणि मग गर्दीतून काठी टेकत, निळा किमोनो नेसून, गुडघा जपत, माझी आई आली.

तिच्यामागे थंड पेयांची पेटी खांद्याला लावलेली एक मुलगी होती. साधा पांढरा शर्ट, चष्मा, आखूड केस. ती माझ्या मुलीसारखी दिसत नव्हती, साचिएसारखीही नाही. ती आईसारखी दिसत होती. हनुवटी आईची, आणि पेटीचा पट्टा टोचतोय तरी न सांगण्याचा हट्टही आईचाच. मी उभा राहिलो. तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही सांगता येणार नाही, कारण मागून तागावा बोलला.

"या आजी, या. तुमच्या जागेवर दुपारपासून पहारा बसवलाय. हे हायाशीसान. जरा म्हणून हलले नाहीत."

मुलीने माझ्याकडे बघितलं. सरळ, थोडा वेळ. "हायाशीसान," ती म्हणाली, एखादं नवं फळ जिभेवर धरून बघावं तसं. "आभारी आहे."

मी आईकडे बघितलं. ती मला हाक मारेल, शिवी देईल, काठी उगारेल, काहीही करेल असं वाटलं. तिने नातीकडे बघितलं, मग खाली चपलांकडे. "आभारी आहोत, हायाशीसान," माझी आई मला म्हणाली.

मी खाली बसलो, दुसरं काय करणार? त्या दोघी चपला काढून आपल्या चौकोनात आल्या, आईने गुडघा हळूहळू घडी केला, आणि माझ्यात आणि माझ्या मुलीत बोटभर काँक्रीट राहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला जो झाला तो संताप होता, इतका, की कानशिलं तापली. रोप उपटून मुळं बघू नको म्हणणारी ही बाई स्वतः त्या रोपाला पाणी घालत होती. किती दिवस? मी दर रविवारी तिच्याकडे जेवायला जातो. भिंतीवरचा दिवा बदलतो, गॅसची नळी तपासतो, तिच्या पायाला औषध चोळतो. आणि त्या घरात ही मुलगी येऊन बसत होती, कदाचित माझ्याच बसायच्या उशीवर, आणि मी गेलो की सगळं पुसून ठेवलेलं असायचं. मुलगी साधं बोलत होती, आजी पाणी घे, आजी पाय सोड, आणि मी समोरच्या पाण्याकडे बघत तिच्या आवाजाचा प्रत्येक शब्द गोळा करत होतो. आवाज थोडा जाडसर. सर्दी झाल्यासारखा. तो तिचा नेहमीचाच आवाज असेल, मला काय माहीत?

"घ्या ना," ती म्हणाली. डब्याचं झाकण उघडून तिने माझ्यापुढे धरलं. शेजाऱ्याला दिल्याशिवाय आपण खायचं नाही ही आमच्याकडची रीत. भाताचे मुटके, कोपरे दाबून केलेले, वर जांभळ्या पाल्याचं मीठ. मी एक उचलला आणि चावला, आणि तो आईच्या हातचा होता. सकाळी फोनवर जे भांडं वाजलं ते हे. तिकडे गुडघ्याने जीव खाल्लाय म्हणत ती भात दाबत होती. "कसा झालाय?" मुलीने विचारलं. मी म्हणालो, छान झालाय, तुमच्या आजींनी केला का? आईने चहाचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

मग चिनात्सुने चष्मा काढला. "सैल झालाय," ती म्हणाली, कोणालाच उद्देशून नाही. "घाम आला की घसरतो. कधीपासून नीट करून घ्यायचाय." किल्ल्यांच्या जुडग्याला माझा लहान पेचकस असतो. हात आपोआप पुढे गेला. तिने चष्मा माझ्या तळव्यावर ठेवला, अजून गरम होता तो, तिच्या नाकाचा घाम लागलेला. मी काडीचा स्क्रू फिरवायला लागलो. काचा भरपूर जाड होत्या, आमच्या घराण्यातले डोळे, माझ्यासारखेच अधू. तिने मान माझ्याकडे केली होती, पण त्या डोळ्यांना चष्म्याशिवाय हातभरावरचंही दिसत नसणार. मला वाटलं, आता तिला मी दिसत नाही. म्हणून मी तिच्याकडे मनसोक्त बघून घेतलं. भुवईवर एक बारीक व्रण होता. तो कधी पडला, कोणी टाके घातले, ती रडली का, यातलं मला काहीही माहीत नव्हतं, आणि तो व्रण आता पांढराही पडलेला होता.

"हात बसलेला दिसतो," तिने चष्मा लावत म्हटलं. "चष्म्याचं दुकान आहे का तुमचं?"

"छे," मी म्हणालो. "घरी आपली दुरुस्तीची आवड."

आईला ठसका लागला. चिनात्सुने तिच्या पाठीवर हात फिरवला आणि ती समोरच्या पाण्याकडे तोंड करून बसली.

अंधार पडला तसा पहिला गोळा शिमोनोसेकीकडून गेला. मग आमच्या काठावरून त्याला उत्तर, मग तिकडून दोन. छातीत धक्का बसत होता, काँक्रीटमधून बुडाला जाणवत होता, आणि पाण्यावर धूर साठायला लागला. लोक आ वासून बघत होते. मला तो उन्हाळा आठवला, शेवटचा, ती माझ्या खांद्यावर बसलेली आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान दाबलेले, त्यामुळे तिला धरायला काही नव्हतं आणि मी तिचे दोन्ही घोटे घट्ट पकडून उभा होतो. पाय दुखतायत, ती ओरडली. मी सोडले नाहीत, पडली असती. रात्री घोट्यांवर माझ्या बोटांच्या लाल खुणा उठल्या आणि साचिएने त्या बघून एक शब्द काढला नाही. त्या खुणांवर मी किती विचार केलाय याची गणती नाही. धरलं की दुखतं आणि सोडलं की पडतं, असं काहीतरी मी त्यातून स्वतःला समजावलं होतं आणि मग सोडून दिलं होतं, आणि ते मोठं शहाणपण समजत आलो होतो. आता ती मुलगी माझ्या डाव्या खांद्यापासून वीतभर अंतरावर बसली होती. कानांवर हात नव्हते. प्रत्येक बार झाला की तिची पापणी लवायची, एवढंच.

मधे थोडी उसंत असते, धूर ओसरायला. चिनात्सु उठली. "आजी, बर्फाचा गोळा आणते. कसला रंग?" आई म्हणाली, लाल. "हायाशीसान, तुम्हाला?" मी नको म्हणालो. ती चपला शोधून गर्दीत गेली, आणि ती दिसेनाशी होताच आईने काठीचं टोक माझ्या मांडीला टोचलं.

"हायाशी," ती म्हणाली. "बापाला कळलं तर पुन्हा मरेल."

"तू बोलू नकोस," मी म्हणालो. "गुडघा दुखतो तुझा. घरी पितर यायचेत तुझ्या."

"विस्तव पेटवून आले उजेडीच. आणि तुझा बाप काय घरी बसायचाय? तोही इथेच कुठेतरी असेल, फुकटची बिअर शोधत."

"किती दिवस, आई?"

"ती कॉलेजात होती तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तिने सांगू दिलं नाही." आईचा आवाज खाली आला. "माझ्याकडे आधी नव्हती आली ती, तेत्सु. आधी तुझ्या दुकानात आली होती."

मी तिच्याकडे बघितलं.

"आली, फ्रेमा बघत उभी राहिली. बराच वेळ. तू आलास, म्हणालास, काही मदत करू का. ती म्हणाली, नुसती बघतेय. तू म्हणालास, बघा निवांत. आणि गेलास आत, कोणाचे तरी डोळे तपासायला. ती तिथून रडत माझ्या दारात आली. आजी, त्यांनी मला ओळखलं नाही, म्हणाली. तुझा पत्ता तिच्या आईने दिला होता, माझा तिला लहानपणापासून पाठ होता."

धूर नाकात जात होता. मी आठवायचा प्रयत्न केला. फ्रेमा बघणाऱ्या मुली. रोज येतात. बघा निवांत हे मी रोज म्हणतो, दिवसातून कितीदा तरी म्हणतो, ते वाक्य माझ्या तोंडाला यंत्रासारखं बसलंय. कुठली होती त्यातली? पावसाळा होता की थंडी, केस लांब होते का तिचे? काहीही हाती लागत नव्हतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्यासमोर, दिव्याखाली, काचेच्या कपाटापुढे उभी राहून गेली होती आणि तिचा एक कणही माझ्यात उरलेला नव्हता.

"मग आज..." मी म्हणालो, आणि बोलता बोलताच मला कळलं.

"तू या खुंटाशी बसतोस हे मीच सांगितलं तिला. पहाटे येऊन जागा धरली पोरीने. माझं नाव घातलंय त्यावर, पण एवढं ढब्बू अक्षर कोण काढतं? तुला दिसावं म्हणून. ओळखलं तर ओळखलं, नाही तर आजी, तू गप बसायचं, असं कबूल करून घेतलं माझ्याकडून. मी म्हटलं, या वेळी ओळखेल. आणि तू हायाशी."

"मी ओळखलं. बघताक्षणी ओळखलं."

"ते मला दिसलं. तिला कसं दिसावं? चष्म्याचं दुकान आहे का, एवढं सरळ विचारलं तिने."

म्हणजे तिला सगळं दिसत होतं. चष्मा काढल्यावर जे दिसत नव्हतं तेवढं सोडून सगळं. ती संध्याकाळभर माझ्याकडे दारं उघडत होती आणि मी शेजारधर्म पाळत एकेक लावून घेत होतो. मला उठून पाण्यात उडी मारावीशी वाटली, आणि तेवढ्यात ती लाल बर्फाचा पेला हातात घेऊन येताना दिसली. तिने पेला आजीला दिला, चपला काढल्या, बसली. वर पुन्हा दारूकाम सुरू झालं, एकामागून एक, आता बोलायलाही जागा राहणार नव्हती. मला वाटलं, हे संपेपर्यंत थांबू. नीट शब्द जुळवू. मग माझ्या लक्षात आलं, की शब्द नीट जुळवणारा जो माणूस आहे तोच हायाशी.

"मी हायाशी नाही," मी म्हणालो. तिच्या कानाशी वाकून, जवळजवळ ओरडून.

तिने मान वळवली नाही. तिच्या चष्म्यावर हिरवे, पिवळे ठिपके पडत होते. "माहीत आहे," ती म्हणाली.

"मी तुला..."

"फटाके बघा," ती म्हणाली.

मी फटाके बघितले. किती वेळ ते माहीत नाही. शेवटी शेवटी दोन्ही काठांवरून एकदम सोडतात, आकाशात जागा राहत नाही, आणि धुरात सगळं पांढरं होऊन जातं, आवाज तेवढा राहतो. लोक टाळ्या वाजवत होते. आई बर्फ खात होती, लहान मुलीसारखी, ओठ लाल करून. माझ्या गालांवरून काहीतरी ओघळत होतं, ते मी पुसलं नाही. पुसलं असतं तर दिसलं असतं. मग एकदम शांत झालं आणि लाउडस्पीकरवरची बाई सावकाश जायला सांगू लागली, कचरा आपापल्या घरी न्या, ढकलाढकली करू नका. सगळा धक्का एकदम उठला. ताडपत्र्या झटकल्याचा आवाज, लहान मुलांची रडारड, तागावाने माझ्या पाठीवर थाप मारली, "येतो हायाशीसान, पुढल्या वर्षी इथेच," आणि तो गर्दीत शिरला.

आईला उठता येईना. बसून बसून गुडघा धरला होता. चिनात्सु पाठमोरी, ताडपत्रीची घडी घालत होती, कोपरा कोपऱ्याला जुळवून, गरजेपेक्षा जास्त नीट. मी आईच्या काखेत हात घातला, दर रविवारी उंबऱ्यापाशी घालतो तसा. "आई, आधी डावा," मी म्हणालो. "डावा टेक. आता भार माझ्यावर टाक."

"टाकते रे, तेत्सु," आई म्हणाली. "ओढू नकोस."

घडी घालणारे हात थांबले. मी आईला उभी केली आणि तिथेच उभा राहिलो. मला जायला सांगितलं असतं तर गेलो असतो. आता मला खरंच काही मागायचं नव्हतं, आणि मागण्यासारखं काही उरलंही नव्हतं. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होते. चिनात्सुने पेटी खांद्याला लावली, घडी काखेत मारली, आणि आजीकडे बघून म्हणाली, "आजी, त्यांना म्हणावं हात सोडू नका. पुढे गर्दी आहे."

ती पुढे निघाली, खांद्याने वाट काढत. मी आईला धरून मागे. आई पाऊल टाकायची, थांबायची, श्वास घ्यायची. चिनात्सुने एकदाही मागे वळून बघितलं नाही. पण थोडं चालून ती थांबायची, आणि आम्ही जवळ आलो की पुन्हा चालायला लागायची.